चिंगीची माती

आज विश्रामबागच्या दुकानात मांजराच्या लिटरच्या, म्हणजे त्याच्या शी-शूच्या डब्यात घालायच्या मातीच्या, पिशव्या वाचत बसले. लॅव्हेंडर, लिंबू, बेबी पावडर! हे वास माणसांसाठी हो. मांजराचं नाक आपल्यापेक्षा कितीतरी तिखट. उग्र वास आला की ते सरळ सोफ्यामागचा कोपरा गाठतं. दुकानदार सिलिका जेल, म्हणजे ओल शोषणारे खडे, गळ्यात मारत होता. धूळ कमी, हे खरं, पण खडे जाड. माझ्या मांजरीने, चिंगीने, असल्या खड्यांवर पुढचा पंजा टेकवला, झटकला आणि माझ्याकडे असं बघितलं की बास. मांजरांचे पूर्वज कोरड्या, वाळवंटी मुलखातले, पायाखाली बारीकच हवं.

शेवटी बिनवासाचं बेंटोनाइट घेतलं. ही माती ओल शोषून फुगते, गोळा होतो, तेवढाच चाळणीच्या चमच्याने उचलायचा. संडासात मात्र टाकायचा नाही, पाइप तुंबतो. अगदी लहान पिल्लांनाही हे नको, ती चाटतात, पोटात गेलं तर पंचाईत.

आईचं म्हणणं, "एवढ्या पैशात ज्वारी आली असती. कृष्णेची वाळू आण की पोतंभर!" पण वाळूचा गोळा होत नाही, ओल तळाशी मुरते आणि घरभर घमघमाट.

लाकडी पेलेट, म्हणजे दाबलेल्या भुशाच्या गोळ्या, सांगलीत कुणी वापरतंय का? भाव सांगा.