आधी कोण, असं विचारता म्हणून

तुम्ही आधी मराठी की आधी ख्रिश्चन? बेळगावच्या उद्यमबागेत चहाच्या गाड्यावर लोक हे विचारतात, लग्नाच्या पंगतीत विचारतात, बेळगाव महाराष्ट्रात हवं म्हणून 1 नोव्हेंबरला, कर्नाटक राज्योत्सवाच्या दिवशी, निघणाऱ्या निषेध फेरीत दंडाला काळी फीत बांधून शेजारी चालणाराही विचारतो. प्रार्थनेला येणारे काही बंधू तोच प्रश्न दुसऱ्या टोकानं घालतात. प्रभूचा झालास ना, मग अजून सीमाप्रश्न कसला, भाषेचा अभिमान कसला, गावाचं एवढं काय? दोन्हीकडच्यांना एका शब्दात उत्तर हवं असतं. आजवर मी वेळ मारून नेली. आता माझ्या मुलीलाही कॉलेजात हेच विचारायला लागलेत, म्हणून एकदा सगळं लिहून टाकतो.

मी विश्वासात कसा आलो ते तुमच्यातल्या बहुतेकांना ठाऊक आहे, ते पुन्हा सांगत नाही. पैशाबद्दल एकदाच सांगतो. मला कुणी दमडी दिली नाही. मी फाउंड्रीवाल्यांना ओतकामाच्या साच्यासाठी लागणारे लाकडी नमुने, म्हणजे पॅटर्न, करून देणारा सुतार आहे आणि माझ्या हातावर माझं घर चालतं. डिसेंबर 2021 मध्ये इथल्या सुवर्णसौधच्या अधिवेशनात धर्मांतराला आळा घालणारं विधेयक कर्नाटकाच्या विधानसभेत मंजूर झालं, त्या हिवाळ्यात आम्ही घरगुती प्रार्थनेला जमलो की चपला दाराबाहेर न ठेवता आत घेत होतो. बाहेर चपलांचा ढीग दिसला की गल्लीत चर्चा व्हायची. एवढं सोसायला कुणी पैसे घेऊन येत नाही.

आपल्याकडे ख्रिश्चन म्हणजे एक समाज. बेळगाव कॅम्पातले वेगळे, खानापूरकडचे कोकणी बोलणारे वेगळे, मेथडिस्ट पंथाचे वेगळे. त्यांची दफनभूमी, त्यांच्यातल्या सोयरिकी. त्यामुळे कुणी येशूवर विश्वास ठेवला की लोकांना वाटतं, हा आपल्या समाजातून उठून त्या समाजात जाऊन बसला. कर्नाटक सरकारच्या 2025 च्या जातींच्या सर्वेक्षणात जातींच्या नावांना ‘ख्रिश्चन’ जोडलेल्या नोंदींवरून राज्यभर वाद झाला, तो आठवत असेल. आमच्याकडे आलेल्या शिक्षकांना मी धर्म ख्रिश्चन, मातृभाषा मराठी, जात सुतार असं सांगितलं. बायकोला तिसरं पटलं नाही. ती म्हणाली, ख्रिस्तात जात कुठली? मी म्हटलं, ख्रिस्तात नाही, पण माझ्या हातातल्या रंध्यात आहे, आणि सरकार ख्रिस्ताबद्दल विचारत नाही. यावर आमचं अजून एकमत नाही.

मला जे म्हणायचंय ते बायबलात, प्रेषित पौलाच्या फिलिप्पैकरांस पत्रात आहे. तिथं तो आपली सगळी यादी वाचून दाखवतो : आठव्या दिवशी सुंता, इस्राएलाचा वंश, बन्यामिनाचं कूळ, इब्र्यांचा इब्री, नियमशास्त्र काटेकोर पाळणारा परूशी. वाचताना मला आपलीच माणसं समोर दिसतात, कुळी सांगणारी, मान सांगणारी. आणि ख्रिस्तापुढे हे सगळं केरकचरा आहे, असं तो म्हणतो. आमचे बंधू इथंच थांबतात. पण प्रेषितांच्या कृत्यांत हाच पौल यरुशलेमेत जमावापुढे उभा राहून सांगतो, मी यहूदी आहे, तार्ससात जन्मलो. इब्री बोलतो, म्हणून लोक गप्प होऊन ऐकतात. त्याच दिवशी फटके मारायला बांधतात तेव्हा तो शताधिपतीला विचारतो, रोमन माणसाला चौकशीशिवाय फटके मारणं कायद्यात बसतं काय? सरदाराला सांगतो, मी जन्मानंच रोमन आहे. मग त्यानं टाकलं काय? माझ्या मते एकच गोष्ट टाकली. देवापुढे उभं राहताना त्यातलं काहीही पुढे करायचं नाही. तिथं त्याला पुत्राच्या नावानं घेतलं जातं, आणि ते नाव त्यानं कमावलेलं नाही. इफिसकरांस पत्रात दत्तक घेतल्याचं बोलणं आहे, ते मला सगळ्यात जवळचं. दत्तकाला नाव आणि वाटा दोन्ही मिळतं, आणि त्यात त्याची स्वतःची कर्तबगारी काही नसते.

ख्रिस्तात असणं म्हणजे मला हे. म्हणून ‘आधी कोण’ हा प्रश्न मला बसत नाही. मराठी, सुतार, बेळगावचा, ही एक रांग आहे आणि त्या रांगेत ख्रिस्ताला कितव्या नंबरावर उभं करू, असं तुम्ही विचारता. तो त्या रांगेत नाहीच.

मराठीपण सुटलं म्हणणाऱ्यांना एवढंच सांगतो की बाबा पदमनजी 1831 साली याच बेळगावात जन्मले, 1854 साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला, आणि 1857 साली त्यांची ‘यमुनापर्यटन’ आली. मराठीतली पहिली कादंबरी म्हणून तुमच्याच मुलांना ती शिकवतात.

आता यात्रेची गोष्ट. तुमच्यातल्या निम्म्यांनी ती ऐकलीय आणि खरं तर तीच मनात धरून मला प्रश्न विचारता.

आमच्या गावची महालक्ष्मी यात्रा बारा वर्षांनी भरते. घरांना रंग, माहेरवाशिणींना बोलावणी, दारोदारी मंडप, देवीचं लग्न, रथ, मग देवी गदगेवर, म्हणजे यात्रेपुरत्या आसनावर, हे तुम्हाला सांगायला नको. आमच्या घराचा मान रथाचा. रथ निघाला की चाकाखाली लाकडी पाचर सारून त्याला आवरायचं आणि वळवायचं, हे आम्हा सुतारांचं काम. पाचर बाभळीची, घरातल्या थोरल्यानं धरायची. आजोबांनी धरली, अप्पांनी धरली, त्या वर्षी माझी पाळी होती. अप्पांचे गुडघे गेले होते.

मी आधीच सांगून ठेवलं होतं की मी पाचर धरणार नाही. वर्गणी देतो, पण ती यात्रेसाठीच्या रस्त्याला आणि पाण्याला लावा म्हटलं. कमिटीनं घेतली नाही. धाकटे काका मुद्दाम आमच्या शेडवर आले. म्हणाले, “तुझा देव पण सुताराच्याच घरचा की रे. लाकडाला हात लावलास तर त्याला काय होतंय?” त्यात कुचेष्टा नव्हती, त्यांना खरंच मला वाट काढून द्यायची होती. मी म्हटलं, काका, लाकडाचं काही नाही, पूजेचं आहे. पाचरीला हळदकुंकू लावून, नारळ फोडून ती उचलायची असते. तेवढं सोडून चालेल काय, असं मी विचारलं. ते म्हणाले, तेवढं सोडलं तर मग उरलं काय? त्यांचं बरोबर होतं.

रथाच्या दिवशी मी गल्लीच्या तोंडाशी उभा होतो. रस्ता भंडाऱ्यानं पिवळा झालेला. मारुतीच्या देवळापाशी रस्ता उजवीकडे वळतो आणि लगेच उतार लागतो, ती जागा सगळ्यात अवघड. अप्पांना वाकता येईना, म्हणून त्यांनी एक गुडघा मातीत टेकला आणि उजव्या चाकापुढे पाचर सारली. चाक पाचरीवर चढलं, लाकूड करकरलं, उजवी बाजू अडली, डावी पुढे सरकली आणि रथ वळला. अप्पांनी हात वेळेवर काढला. तोवर माझी दोन पावलं आपोआप पुढे पडली होती. चुलतभावानं त्यांना काखेत धरून उठवलं. उठताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि पुढच्या चाकाकडे गेले.

संध्याकाळी गदगेजवळ पंच बसले होते. पुढच्या यात्रेला पाचर कुणाच्या घरात, असं त्यांनी अप्पांना विचारलं. मी मागं उभा होतो, सगळ्यांना दिसत होतो. अप्पा म्हणाले, “आमच्या घरात आता कोण नाही.” पाचर चुलतभावाच्या घरी गेली.

गावात गोष्ट इथंच संपते. पुढचं कुणी सांगत नाही, म्हणून मी सांगतो. दुसऱ्या दिवशी घरोघरी मटणाची जेवणं. देवीला दाखवलेलं मी खाणार नाही हे आईला माहीत होतं. तिनं पहाटे मेव्हण्याला शहरात पाठवलं होतं, मागच्या अंगणात तीन दगडांची वेगळी चूल मांडली होती, आणि पातेल्याची चुकामूक नको म्हणून त्याच्या कडीला पांढरा दोरा बांधला होता. मला आत बोलावून वाढलं. “हे मार्केटातलं हाय. देवीला दाखवलं नाही. खा की.” बाहेर बायका काय बोलत असतील ते तिला पुरतं कळत होतं. बाजारात मिळतं ते चौकशी न करता खा, पण हे मूर्तीला वाहिलेलं आहे असं कुणी सांगितलं तर खाऊ नका, असं करिंथकरांस पहिल्या पत्राच्या दहाव्या अध्यायात आहे. आईनं ते पत्र कधी ऐकलं नव्हतं. मी जेवलो, दोनदा मागून घेतलं. अप्पा ओसरीवर होते, आत आले नाहीत.

त्या वेळचा मी वेगळा होतो. ‘जुने ते होऊन गेले, पाहा, ते नवे झाले आहे’ या वचनाखाली मी लाल पेनानं रेघ मारली होती आणि त्या जुन्यात आडनाव, गाव, भाऊबंद, सगळं घातलं होतं. आज मी त्याला सांगतो की तुझं वाचन अर्धवट होतं. आमच्या फाउंड्रीत तुटके पंप, जुने ड्रम भट्टीत जातात, साच्यातून नवंच कास्टिंग निघतं, त्याला कुणी जुनं म्हणत नाही. पण बीड, म्हणजे ओतीव लोखंड, ते बीडच असतं. मी त्याला पौलाच्याच गलतीकरांस पत्रातला पेत्र, येशूचा शिष्य, तोही दाखवतो. अंत्युखियात पेत्र परराष्ट्रीयांबरोबर, म्हणजे यहूदी नसलेल्यांबरोबर, जेवत होता, यरुशलेमेकडची माणसं आली तसा भिऊन पंगतीतून बाजूला झाला, आणि पौलानं त्याला सगळ्यांसमोर तोंडावर सुनावलं. कोण कुणाच्या पानाला बसतं, यावर सुवार्ता खरी की खोटी ते तिथं ठरत होतं. मग बापाला एकट्याला चाकापाशी सोडून तू कुठल्या बाजूला होतास?

तोही गप्प बसत नाही. तो म्हणतो, अंत्युखियात प्रश्न माणसांबरोबर जेवायचा होता, देवीपुढे नारळ फोडायचा नव्हता. आईच्या पानाला मी बसलोच की. तू आता मायेनं मऊ झालायस आणि त्याला समज म्हणतोयस. बाप मातीत गुडघा टेकताना मीही पाहिला, दोन पावलं पुढे गेलो, तरी पाचर धरली नाही. ती धरली असती तर आज तुझ्याकडे सांगायला ख्रिस्त कुठला उरला असता? याला माझ्याकडे उत्तर नाही. अप्पा आता नाहीत. ते गेले तेव्हाही आमचं यावर बोलणं झालेलं नव्हतं.

बंधूंनाही थोडं सांगायचंय. ख्रिस्तात यहूदी आणि हेल्लेणी, म्हणजे ग्रीक, हा भेद नाही, हे वचन तुम्ही माझ्या काळ्या फितीवर फेकता. माझ्या शेजारी प्रार्थनेला बसणारा भाऊ गोकाककडचा, कन्नड. 1 नोव्हेंबरला तो कर्नाटकाचा लाल-पिवळा झेंडा लावतो आणि मी फेरीत असतो. आमचा आवाज चढलाय यावरून. नंतर एकाच प्याल्यातून आम्ही प्रभुभोजन घेतलंय, आणि त्याचं मत बदललं नाही, माझंही नाही. पेंटेकॉस्टच्या दिवशी, शिष्यांवर पवित्र आत्मा उतरला तेव्हा, प्रत्येकानं त्यांचं बोलणं आपापल्या भाषेत ऐकलं. बायबलच्या शेवटच्या पुस्तकात, प्रकटीकरणात, देवाच्या राजासनापुढे उभा असलेला समुदायही सगळ्या भाषांचा आहे. तिथं माझी मराठी असणार, असं मी धरून चाललोय. उलट जिथं भेद खरंच मोडायला हवा तिथं आपण मोडत नाही. मंडळीत स्थळ बघताना पहिली चौकशी आडनावाचीच होते. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं अनुसूचित जातीचा दाखला हिंदूंना, पुढे 1956 पासून शिखांना आणि 1990 पासून बौद्धांना मिळतो. ख्रिस्ती झालेल्याचा दाखला जातो, पण गावात त्याला बसवायची जागा बदलत नाही. म्हणून कुणी कागदावर जुना धर्म ठेवला तर आपण त्याला कच्चा विश्वासी म्हणतो. मी म्हणत नाही. ज्याला मुलाच्या फीची सोय करायची आहे त्याच्या घरात बसून त्याचा विश्वास मोजायचा अधिकार मला कुणी दिलेला नाही.

मुलीला मी यातलं बरंचसं सांगितलं. तिनं विचारलं, मग पाचर धरायला हवी होती की नको? मी म्हटलं, धरायची नव्हती. ती म्हणाली, मग तुमचा चेहरा असा का होतो? तिला मी ओसरीवर बसलेल्या अप्पांचं सांगितलं.

पुढची यात्रा जवळ आलीय. जुनी पाचर चिरलीय आणि चुलतभावानं नवी करून मागितलीय, गावात लाकडाची एवढी पारख दुसऱ्या कुणाला नाही म्हणून. पूजा तो करणार, धरणारही तोच. मी फक्त करून द्यायची. बायको म्हणते, अप्पांसाठी द्या करून. पास्टरसाहेब म्हणतात, हात लावू नका. मी त्यांना म्हटलं, साहेब, देवळाच्या कठड्याच्या जाळीचा पॅटर्न मी मागच्या वर्षी केला, तेव्हा तुम्ही काही बोलला नाहीत, मग पाचरीत आणि जाळीत फरक काय? ते विचार करून सांगतो म्हणाले. रविवारी उपासनेनंतर आम्ही बसणार आहोत.