मोरचुदातला थेंब

नवापूर तालुक्यातील एका मिशन दवाखान्यात मी परिचारिका आहे. त्या गुरुवारी सकाळी बाह्यरुग्ण विभाग उघडण्यापूर्वीच एक बाई पडवीत, जुन्या लुगड्याची घडी अंगाखाली घेऊन, फरशीवर बसलेली दिसली. दोन वर्षांपासून तिच्या अंगावरून जात होते, नवरा बारडोलीकडे ऊसतोडीला गेलेला होता आणि सोबत आलेली शेजारीण तिला तिथे बसवून परत गेली होती. बाकावर बसायला सांगितले, तर "बाक खराब व्हई, सिस्टर," एवढेच ती म्हणाली. तपासणीत गर्भाशयात गाठी आढळल्या आणि हिमोग्लोबिन अवघे ३.८ निघाले. तातडीने रक्त चढवावे लागेल हे समजावून सांगितल्यावर तिने माझे मनगट धरून विचारले, "मन्हामांगे इतला खर्च कसाले?"

पुरुष रुग्ण खर्च किती येईल ते विचारतो, बाई कशाला ते विचारते. इतक्या वर्षांत हा फरक माझ्या कानांना सवयीचा झाला आहे, आणि सवयीचा झाला याचीच आता लाज वाटते.

तिचा रक्तगट ओ पॉझिटिव्ह होता. जिल्ह्याच्या रक्तपेढीत साठा संपत आल्यामुळे रक्तदाते घेऊन या, असा निरोप मिळाला. आमच्या ख्रिस्ती मंडळीची, म्हणजे चर्चची, महिला सभा दर गुरुवारी भरते, म्हणून मी तडक तिकडे जाऊन पाळकबाईंच्या कानावर ही गोष्ट घातली. त्यांनी हातातले गीतपुस्तक मिटले आणि अर्ध्या तासात सात भगिनी दवाखान्याच्या जीपमध्ये दाटीवाटीने बसल्या. रुग्ण त्यांच्यापैकी कोणाच्याही नात्याची, गावाची किंवा मंडळीची नव्हती.

रक्तपेढीत एकीचे वजन ४५ किलोंपेक्षा कमी भरल्याने ती काट्यावरूनच परत फिरली. उरलेल्या सहा जणींची, आणि त्यांच्यामागे उभ्या असलेल्या माझी, बोटाला टोचून तपासणी झाली. कॉपर सल्फेटच्या निळ्या द्रावणात रक्ताचा थेंब सोडतात. तो बुडाला तर हिमोग्लोबिन रक्तदानास आवश्यक तेवढे, म्हणजे १२.५ ग्रॅम किंवा अधिक असते, तरंगला तर कमी. "हे तर आमचं फवारणीचं मोरचूद," असे म्हणत एक भगिनी हसली आणि तिचाच थेंब वर राहिला. दोघींचे थेंब तळाला गेले, चौघींचे तरंगले. माझा थेंब दोन बोटे खाली उतरला, क्षणभर थबकला आणि सावकाश वर आला. रोज शंभर बायकांना लोहाच्या गोळ्या वाटणारी मी, परंतु माझ्या कपाटातली पाकिटे तशीच पडून होती. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील निम्म्याहून अधिक स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या, हे मी प्रशिक्षणात इतरांना शिकवते. त्या निम्म्यांत आपणही असू, असे मला कधी वाटले नव्हते.

पाळकबाई म्हणाल्या, "सगळ्यांना वाढून झाल्यावर आपण खरवड खातो आणि त्यालाच सेवा म्हणतो. देवाने असं कुठं सांगितलंय?"

दोघींचे रक्त मिळाले. ज्यांचे रक्त चालले नाही, त्याही घरी गेल्या नाहीत. एकीने तांदळाची भाकरी आणि उडदाची डाळ करून आणली, एकीने नवऱ्याचा फोन लागेपर्यंत तीन मुकादमांना गाठले. वजनात न बसलेली मावशी सरळ त्या बाईच्या खाटेवर बसली आणि चादरीच्या डागाकडे न पाहता तिच्या केसांतला गुंता सोडवू लागली.

संध्याकाळी पाळकबाईंनी वॉर्डात मार्काच्या शुभवर्तमानाचा पाचवा अध्याय वाचला. बारा वर्षे रक्तस्राव होत असलेली, वैद्यांवर सर्व काही खर्च करून बसलेली आणि मोशेच्या नियमशास्त्रानुसार अशुद्ध ठरलेली ती स्त्री लपून येशूच्या वस्त्राला शिवते. हा उतारा मी लहानपणापासून ऐकत आले आहे, पण त्या दिवशी तो परिचारिकेच्या कानांनी ऐकला. येशू मरणपंथाला लागलेल्या मुलीकडे निघाला होता. आमच्या हिशेबाने ती आधी, आणि बारा वर्षांचे दुखणे तासभर थांबू शकले असते. तो मात्र रस्त्यातच थांबला, तिला सर्वांसमक्ष बोलू दिले आणि "मुली" म्हणून हाक मारली. मावशीचा हात केसांत फिरत होता आणि बाई डोळे मिटून ऐकत होती. तिने किती ऐकले, ते मी विचारले नाही.

पाचव्या दिवशी तिला घरी सोडले. लाल गोळ्यांचे पाकीट हातात देऊन मी नेहमीची सूचना सुरू केली, जेवणानंतर एक, चहासोबत नको. ती बाकावर बसली होती. पाकीट तिने पदराला बांधले आणि माझ्याकडे पाहत विचारले, "सिस्टर, तुम्ही आज लिधी का?"

मी पाणी आणायला आत गेले.