वाकडी म्हणून स्वस्त मिळालेली कुऱ्हाड

नोकरीच्या निमित्ताने फ्रान्समधील तुलूझला आल्यापासून रविवारी सकाळी आसपासच्या गावांत भरणाऱ्या जुन्या बाजारांत फिरण्याची मला सवय लागली. या बाजारांना येथे ‘व्हिद-ग्रेनिए’, म्हणजे माळा रिकामा करणे, असे म्हणतात. फुटक्या काचसामानाच्या आणि जुन्या पोस्टकार्डांच्या शेजारी तेथे हमखास गंजलेली हत्यारे पडलेली असतात. त्यांत मिळालेल्या एका रुंद पात्याच्या कुऱ्हाडीची ओळख पटवून तिला पुन्हा कामाजोगी करण्यात माझे सात महिने गेले.

विकणाऱ्याने मला ती ‘जल्लादाची कुऱ्हाड’ म्हणून दाखवली. धार जवळजवळ चाळीस सेंटिमीटर लांब, वजन तीन किलोंच्या आसपास, दांडा नाहीच, आणि दांडा बसवण्याची निमुळती नळी पात्याच्या रेषेत नसून एका बाजूला कललेली. ही नळी कोणीतरी घण मारून वाकवली असावी, असे त्याचे मत होते आणि त्यामुळेच पस्तीस युरोंत सौदा झाला. रुंद पात्याच्या कुऱ्हाडी फ्रान्समध्ये अनेकदा जल्लादाच्या नावावर खपवल्या जातात, हे मला नंतर समजले. त्या दिवशी मात्र मीही घरी येताना, नळी तापवून सरळ कोण करून देईल, याचाच विचार करत होतो.

ते मी लगेच केले नाही, याचे कारण आधीच्या वर्षी केलेला एक अपराध. पहिली कुऱ्हाड लहान होती आणि मी ती हौसेने ग्राइंडरवर धरली. दोन मिनिटांत गंज गेला, पाते आरशासारखे चमकू लागले आणि धारेच्या कोपऱ्यावर निळी छटा उमटली. पोलाद तापत जाताना त्याच्यावर आधी गवती पिवळा, मग तपकिरी, जांभळा आणि तीनशे अंशांच्या आसपास निळा रंग चढतो. निळा रंग दिसला म्हणजे लोहाराने धारेला दिलेले पाणी, म्हणजे तिचा कठीणपणा, तेथे उतरले. त्यानंतर तेथे कानस लोण्यात सुरी जावी तशी जाऊ लागली. दुसरे नुकसान अधिक लागले. ज्या ठिकाणी मी चमक आणली होती तेथे एक शिक्का होता आणि त्यातला फक्त डोळ्याच्या आकाराचा अर्धा भाग उरला होता. डोळा ही अल्सासमधील सावेर्नजवळच्या झोर्नहोफ येथील गोल्डेनबेर्ग कारखान्याची खूण. उरलेली अक्षरे काय होती, हे आता कोणीच सांगू शकणार नाही.

म्हणून या वेळी आधी ओळख आणि मग सफाई, असे ठरवले. फ्रेंच भाषेत कुऱ्हाडीला एकच शब्द पुरत नाही. झाड पाडायची ती ‘कोन्ये’, ओंडके फोडायची जाड ती ‘मेर्लँ’, आणि लाकडाची बाजू तासून सपाट करायची, एकाच बाजूने उतार असलेली ती ‘दोल्वार’. दोल्वारमध्येही सुताराची, पिंप बनवणाऱ्याची आणि गाडीची चाके करणाऱ्याची वेगळी. चाकवाल्याच्या एका प्रकाराला तर ‘मेंढीचा खांदा’ असे नाव आहे आणि पाते पाहिल्यावर ते नाव का पडले हे सांगावे लागत नाही. हे सारे एका ठिकाणी पाहायचे असेल तर त्र्वा शहरातील हत्यारांच्या संग्रहालयाला पर्याय नाही. पोल फेलेर या जेझुइट पाद्र्याने जमवलेल्या संग्रहातून ते उभे राहिले आणि 1974 पासून मोरुआ नावाच्या जुन्या वाड्यात आहे. तेथे एका कपाटात दोल्वारींची रांगच रांग आहे आणि त्यांतल्या एकीचीही नळी सरळ नाही. मी काचेपुढे उभा राहून स्वतःशीच हसलो. तुळईच्या अगदी लगत कुऱ्हाड चालवायची तर दांडा बाहेरच्या बाजूला झुकलेलाच हवा, नाहीतर प्रत्येक घावाला बोटांची सालपटे निघतील. माझ्या कुऱ्हाडीतला ‘दोष’ लोहाराने मुद्दाम घडवलेला होता.

सफाईसाठी मी विजेचा मार्ग धरला. प्लास्टिकच्या टबात पाणी, त्यात धुण्याचा सोडा, कुऱ्हाड बॅटरी चार्जरच्या ऋण टोकाला आणि एक भंगार लोखंडी पट्टी धन टोकाला. पट्टी स्टेनलेस स्टीलची कधीही घेऊ नये, कारण तिच्यातून क्रोमियमची विषारी संयुगे पाण्यात उतरतात, आणि हे काम उघड्यावरच करावे, कारण बुडबुड्यांतून हायड्रोजन निघतो. एका रात्रीनंतर गंजाची काळी साय झाली आणि ती ब्रशने निघाली. शिक्का मिळाला, पण अर्धवट. एक बदाम आणि त्याच्याखाली दोन अक्षरे. अल्बीजवळच्या सँ-ज्युएरी गावात तार्न नदीच्या धबधब्यावर 1824 मध्ये पोलादाचा कारखाना निघाला होता आणि त्याचा ‘तालाबो’ असा छाप असलेली हत्यारे या भागात बरीच सापडतात. त्यामुळे मला आशा होती, पण ती फोल ठरली. तेथील संग्रहालयातल्या शिक्क्यांशी माझा बदाम जुळला नाही. गावोगावी ‘तायांदिए’, म्हणजे धारेची हत्यारे घडवणारे लोहार असत. त्यांच्यापैकीच कोणाचा तरी तो असावा, यावर मी थांबलो.

आता खरा पेच होता तो धारेचा. मागच्या कोण्या मालकाने जळण फोडण्यासाठी तिला दोन्ही बाजूंनी उतार दिला होता, त्यामुळे मूळची सपाट बाजू कोणती हे नजरेला कळत नव्हते. आमच्या रत्नागिरीकडच्या सुताराचा वाकस मी लहानपणी पाहिलेला आहे आणि त्यालाही एकाच बाजूने धार असते, एवढेच माझे भांडवल. उत्तर दिले ते व्हिनेगरने. चोवीस तास बुडवून काढल्यावर आणि सोड्याच्या पाण्याने धुतल्यावर पात्याच्या उजव्या अंगाला, धारेपासून चार बोटे आतपर्यंत, काळसर राखाडी पट्टा उमटला. त्याच्या वरचे लोखंड फिकट होते आणि त्यात लाकडाच्या रेषांसारखे तंतू दिसत होते. डाव्या अंगाला पट्टा नव्हताच, नुसते तंतू. जुने लोहार सारे पाते मऊ लोखंडाचे करीत आणि महाग पोलादाची पट्टी भट्टीत तापवून फक्त सपाट बाजूला जोडीत. म्हणजे सपाट बाजू उजवी, उतार डावीकडे आणि नळीचा कलही डावीकडे.

ही कुऱ्हाड डावखुऱ्या माणसासाठी घडवलेली होती. मी उजवा.

पुढचे काम कंटाळवाणे, म्हणून थोडक्यात सांगतो. उजव्या बाजूचा खोटा उतार कानशीने आणि मग दगडांनी उतरवायला दीड महिना लागला. कानस घसरत नव्हती, अडखळत चावत होती, म्हणजे पाणी शाबूत होते. पाते लांबीच्या दिशेने किंचित बाकदार असते, कोपरे लाकडात रुतू नयेत म्हणून. तो बाक मी हट्टाने सपाट केला नाही. दांड्यासाठी ॲश या झाडाचे सरळ रेषांचे लाकूड घेतले, नळीत आतून काजळी फासली, दांडा ठोकून बाहेर काढला, जेथे काळे लागले तेथेच तासले आणि पुन्हा ठोकला. तिसाव्या वेळेच्या आसपास काळे सगळीकडे सारखे लागले. शेवटी जवसाचे तेल चोळले. तेलाच्या चिंध्या गोळा करून ठेवल्या तर आपोआप पेट घेतात, म्हणून त्या पाण्यात भिजवून टाकल्या.

2019 च्या आगीत जळालेले पॅरिसच्या नोत्र-दाम कॅथेड्रलचे लाकडी छत पुन्हा उभारताना सुतारांनी ओकच्या तुळया अशाच कुऱ्हाडींनी हाताने तासल्या आणि त्यासाठी अल्सासमध्ये नव्या कुऱ्हाडी घडवल्या गेल्या. तेव्हापासून येथे या हत्याराकडे पाहण्याची नजर जरा बदलली आहे. आमच्या कार्यालयातला एक डावखुरा सहकारी आपल्या जुन्या गोठ्याचे छत दुरुस्त करीत होता. मी कुऱ्हाड त्याच्याकडे घेऊन गेलो. मी उजव्या हाताने दोन घाव घातले आणि दोन्ही वेळा पाते लाकडात घुसून अडकले. त्याने ती डाव्या हातात घेतली, ओकच्या तुळईवर ओढलेल्या दोरीच्या खुणेला पाते टेकवले आणि घाव घातला. तळहाताएवढी ढलपी अखंड सुटून माझ्या बुटावर पडली. कुऱ्हाड सध्या त्याच्याच गोठ्यात आहे आणि ती ढलपी माझ्या टेबलावर.