ई-सायकलची वॉरंटी: ‘चालत नाही’ एवढंच सांगून सायकल दुकानात लावू नका

नवी ई-सायकल दोन-चार महिन्यांत बंद पडली की पहिली चूक दुकानाच्या पायरीवरच होते. ‘चालत नाही हो’ एवढं सांगून सायकल लावायची आणि रिक्षाने घरी यायचं. पावती मागितली जात नाही, आणि मिळालीच तर तिच्यावर ‘सर्व्हिसिंग’ असा मोघम शब्द असतो. महिन्याभराने भांडायची वेळ येते तेव्हा बिघाडाची नोंद कुठेच नसते.

मुळात ई-सायकलचा दुरुस्तीवाला कोण, हाच घोळ आहे. सायकलवाला गिअर लावून देतो, चाकाचा आउट काढतो, पण वायरला हात लावत नाही. ई-स्कूटरवाला म्हणतो, हे आमचं काम नाही. डीलरकडे सुटी बॅटरी किंवा कंट्रोलर (बॅटरीतून मोटरला किती वीज द्यायची हे ठरवणारा इलेक्ट्रॉनिक डबा) सहसा शिलकीत नसतो. तो सायकलचा व्हिडिओ काढून कंपनीला पाठवतो, कंपनी अंदाजाने एखादा भाग पाठवते, डीलर तो बसवतो. म्हणजे सर्व्हिस सेंटर हे बरंचसं पोस्ट ऑफिस असतं. अंदाज चुकला, बिघाड कंट्रोलरचा आणि आला डिस्प्ले, की आणखी तीन आठवडे गेले. म्हणून कोणता भाग गेला हे शक्य तितकं आपणच ठरवायचं आणि जॉबकार्डवर, म्हणजे सायकल दुरुस्तीला देताना दुकान जी नोंदपावती करतं तिच्यावर, त्या भागाचं नाव लिहून घ्यायचं.

त्यासाठी पाचशे रुपयांच्या आत मिळणारा डिजिटल मल्टीमीटर पुरतो. एकच पथ्य: काहीही उघडायचं नाही. सील तुटलं, स्क्रूच्या डोक्यावर ओरखडा दिसला की ‘छेडछाड’ म्हणून वॉरंटी तिथेच संपते. मोजायचं ते बाहेर दिसणाऱ्या पिनांवर.

आपल्याकडच्या बहुतेक ई-सायकलींची बॅटरी ३६ व्होल्टची असते. तिच्यात लिथियम सेलचे दहा गट एकामागे एक जोडलेले असतात. पूर्ण चार्ज म्हणजे प्रत्येक गट ४.२, एकूण ४२ व्होल्ट. साधारण ३० व्होल्टच्या आसपास आतलं संरक्षक सर्किट, म्हणजे बीएमएस, पुरवठा तोडतं. मीटर डीसी २०० वर ठेवा, बॅटरीची किल्ली किंवा बटण चालू करा आणि दोन टोकं प्लस-मायनसवर टेका. टोकं एकमेकांना चिकटली तर ठिणगी उडते आणि पिन जळते, तेवढं जपा. चार्जरचा हिरवा दिवा लागल्यावर तासाभराने ४१ ते ४२ आलं तर ठीक. हिरवा दिवा असूनही ३९ च्या आसपास येत असेल तर सेलचे गट असमान झालेले असण्याची शक्यता मोठी: एक गट आधी भरतो, बीएमएस चार्जिंग थांबवतं आणि बाकीचे अर्धपोटी राहतात. शून्य आलं तर बीएमएसने पुरवठा तोडलाय किंवा फ्यूज गेलाय. बॅटरीला दोष देण्याआधी चार्जरही तपासा, त्याच्या पिनवर साधारण ४२ हवेत. (काही चार्जर बॅटरी जोडल्याशिवाय व्होल्ट दाखवतच नाहीत, त्यामुळे इथे शून्य आलं म्हणून लगेच चार्जर मेला असं समजू नका.)

उभ्या सायकलवर आकडा चांगला, पण चढावर थ्रॉटल (पेडल न मारता मोटर पळवणारी हँडलवरची मूठ किंवा खटका) दिला की डिस्प्लेवरच्या चार रेघांची एक होते आणि थांबल्यावर परत चार दिसतात, हे कमजोर सेलचं लक्षण. त्याचा व्हिडिओ घ्या. ‘बॅटरी लवकर उतरते’ या वाक्यापेक्षा तो दहापट कामाचा आहे.

‘रेंज कमी मिळते’ ही तक्रार मात्र जपून करा. ३६ व्होल्ट आणि ७.५ ॲम्पिअर-तास म्हणजे २७० वॉट-तास. पेडल न मारता नुसत्या थ्रॉटलवर सपाट रस्त्याला किलोमीटरमागे १० ते १२ वॉट-तास जातात, म्हणजे २२ ते २७ किलोमीटर. पेडल मारत गेलात तर पस्तीस-चाळीसच्या पुढेही जाता येतं. जाहिरातीतला मोठा आकडा सगळ्यात खालच्या असिस्टवर, म्हणजे पेडल मारताना मोटरची मदत सगळ्यात कमी ठेवून काढलेला असतो. त्यामुळे नुसत्या थ्रॉटलवर २५ किलोमीटर मिळत असतील तर तो बिघाड नाही, हे कंपनीचं म्हणणं खरं आहे. पण तीन महिन्यांपूर्वी त्याच रस्त्याला, त्याच असिस्टला ३८ मिळत होते आणि आता २० मिळतात, हे तारखेसह लिहिलेलं असेल तर ते उडवून लावता येत नाही. क्षमता किती टक्क्यांखाली गेली की बॅटरी बदलून मिळते, हे वॉरंटी कार्डावर आहे का तेही बघा. नसेल तर खरेदीआधीच ईमेलने विचारून ठेवायला हवं होतं, पण हे सहसा कुणी करत नाही.

मोटर की कंट्रोलर, हा वाद सगळ्यात जास्त वेळ खातो, आणि त्याची हातानेच होणारी एक परीक्षा आहे. मागच्या चाकात गिअरवाली हब मोटर असेल तर सायकल बंद करून चाक उचला आणि उलट्या दिशेने फिरवा. पुढच्या दिशेला आतला क्लच सुटतो, त्यामुळे त्या बाजूने काही कळत नाही. उलट फिरवताना थोडा पण सलग विरोध जाणवायला हवा. चाक अडखळत, गचके देत फिरत असेल तर मोटरच्या वायरची जोडणी सोडवा आणि परत फिरवा. आता सुरळीत फिरलं तर कंट्रोलरचा आतला मॉस्फेट (वीज चालू-बंद करणारा इलेक्ट्रॉनिक स्विच) शॉर्ट झालाय. तरीही गचके बसत असतील तर बिघाड मोटरमध्ये किंवा तिच्या वायरमध्ये आहे. मोटर थरथरते, सुरुवातीला ढकलावं लागतं, मग पळते, असं असेल तर संशय हॉल सेन्सरवर, म्हणजे मोटर कुठल्या स्थितीत आहे हे कंट्रोलरला कळवणाऱ्या भागावर. मोटर फिरल्याचा आवाज येतो पण चाकाला जोर नाही, तर नायलॉनचे गिअर किंवा क्लच गेला.

डिस्प्ले चालू, बॅटरी भरलेली, तरी मोटर ढिम्म. अशा वेळी मोठ्या खर्चाची भीती वाटते, पण बऱ्याचदा कारण फुटकळ असतं. ब्रेक दाबला की मोटरचा पुरवठा तोडणारा स्विच लिव्हरमध्ये असतो. लिव्हर पूर्ण परत आला नाही की कंट्रोलरला वाटतं ब्रेक दाबलेलाच आहे. दोन्ही लिव्हर हाताने बाहेर ओढून बघा. थ्रॉटलवर चालते पण पेडलवर नाही, असं असेल तर क्रँकजवळची चुंबकांची चकती आणि सेन्सर यांच्यामधली फट बघा. ती दोन-तीन मिलिमीटरच असावी. चिखल साचला किंवा चकती सरकली की सिग्नल जात नाही. डिस्प्लेवर एरर कोड आला तर त्याचा फोटो घ्या, पण अर्थ मात्र आपल्याच मॉडेलच्या पुस्तिकेतून काढा. एकाच क्रमांकाचा अर्थ वेगवेगळ्या डिस्प्लेवर वेगळा असतो.

वॉरंटी नाकारताना सांगितली जाणारी कारणं ठरलेली आहेत: पाणी, छेडछाड, पहिली सर्व्हिस चुकवली, व्यावसायिक वापर. टायर, ट्यूब, ब्रेक पॅड, चेन हे झिजणारे भाग म्हणून वगळतात, त्याबद्दल भांडण्यात अर्थ नाही. पाण्याचं मात्र नीट समजून घ्या. ‘वॉटर रेझिस्टंट’ या शब्दाला काही वजन नाही, पाणी-धुळीपासून किती संरक्षण आहे हे सांगणारा आयपी क्रमांक काय तो बघायचा. आयपीएक्स४ म्हणजे चहूबाजूंनी उडणारं पाणी चालतं. आयपी६७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास. प्रेशर पंपाचा फवारा या दोन्हींत बसत नाही. म्हणून गाडी धुवायच्या सेंटरवर ई-सायकल नेऊच नका. कोकणातल्या किंवा घाटमाथ्यावरच्या पावसात चालवायची असेल तर प्रत्येक वायर जोडणीत शिरण्याआधी थोडी खाली लोंबू द्या, म्हणजे ओघळ तिथूनच टपकतो. तंत्रज्ञ पिनांवरचा हिरवा-पांढरा थर शोधतो आणि त्याचा फोटो कंपनीला पाठवतो. सायकल देण्याआधी त्याच पिनांचा फोटो तुमच्याकडे हवा.

पंक्चर हे याहून मोठं संकट आहे, आणि त्याबद्दल कुणी सावध करत नाही. मागचं चाक काढताना मोटरची नऊ पिनांची जोडणी सोडवावी लागते. ती सरळ ओढायची, पिळायची नाही, आणि बसवताना बाणासमोर बाण ठेवायचा. नेहमीचा पंक्चरवाला ती पिळतो आणि पिन वाकते. दुसरी गोष्ट, ॲक्सलवर एक दातेरी वॉशर असतो, त्याचा दात फ्रेमच्या खाचेत बसतो आणि ॲक्सलला फिरण्यापासून रोखतो. तो उलटा बसला किंवा नट ढिला राहिला की जोर येताच ॲक्सल गरकन फिरतो आणि वायर मुळापासून पिळवटते. कंपनी याला ‘बाह्य नुकसान’ म्हणते, आणि तो भाग वॉरंटीत येत नाही. शक्य असेल तर चाक न काढता टायर एका बाजूने उतरवून, ट्यूब बाहेर ओढून तिथेच पंक्चर काढून घ्या. काढावंच लागलं तर आधी दोन्ही बाजूंच्या वॉशरच्या क्रमाचा फोटो घ्या आणि नट १८ नंबरच्या पान्याने साधारण ४० न्यूटन-मीटर इतका घट्ट करा.

आता कागद. बिलावर फ्रेम, मोटर आणि बॅटरी यांचे तिन्ही क्रमांक हवेत, आणि ते सायकलवरच्या क्रमांकांशी डिलिव्हरीच्याच दिवशी पडताळायचे. ऑनलाइन मागवलेली सायकल खोक्यात अर्धवट जोडलेली येते. जोडणी कुणी केली याची पावती नसेल तर पुढे ‘अनधिकृत जोडणी’ हे कारण हाताशी राहतं, तेव्हा हँडल-पेडल लावण्याचे दोनशे-तीनशे रुपयेही पावती घेऊनच द्या.

जॉबकार्डवर लिहून घ्यायचं ते असं: ‘चार्ज पूर्ण, बॅटरी ४१.६ व्होल्ट, डिस्प्ले चालू, थ्रॉटल व पेडल दोन्हींवर मोटर फिरत नाही. मोटरची जोडणी सोडवल्यावर चाक सुरळीत. कंट्रोलर सदोष असल्याचा संशय. बाह्य नुकसान नाही.’ खाली तारीख, मीटरवरचे किलोमीटर, बॅटरी क्रमांक, दुकानाचा शिक्का. ‘बाह्य नुकसान नाही’ हे शब्द लिहायला दुकानदार कां-कूं करेल, पण सायकल ताब्यात देण्याआधी आग्रह धरा. त्याच संध्याकाळी हाच मजकूर, जॉबकार्डचा फोटो आणि व्हिडिओ कंपनीला ईमेल करा. फोनवरची आश्वासनं हवेत विरतात. फोन झालाच तर ‘आत्ता बोलल्याप्रमाणे’ अशी सुरुवात करून लगेच एक ईमेल टाका.

बॅटरी कंपनीकडे कुरिअरने पाठवा, असं सांगितलं तर थांबा. एवढी मोठी लिथियम बॅटरी धोकादायक माल म्हणून गणली जाते आणि सदोष बॅटरी विमानाने पाठवायला बंदी आहे. आत काय आहे हे न सांगता पार्सल टाकलं तर जबाबदारी पाठवणाऱ्याची. ‘आपल्या वाहतूकदारामार्फत बॅटरी घरून नेण्याची व्यवस्था करावी’ असं लेखी कळवा. तोवर फुगलेली, गरम होणारी किंवा वास येणारी बॅटरी चार्जिंगला लावू नका, घरातही ठेवू नका.

पंधरा दिवसांत हालचाल नसेल तर कायद्याची पायरी. दुकानदार म्हणेल, ‘आम्ही फक्त विकतो, कंपनीशी बोला.’ ते ऐकू नका. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली विक्रेता आणि उत्पादक दोघांनाही प्रतिवादी करता येतं. ऑनलाइन खरेदी असेल तर २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच आणि महिन्याभरात निवारण द्यायचं असतं. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर मराठीत तक्रार घेतात. तिथे निकाल लागत नाही, मध्यस्थी होते, पण डॉकेट क्रमांक (तक्रारीचा नोंद क्रमांक) मिळाला की कंपनीच्या ईमेलची भाषा बऱ्याचदा बदलते. मग दोघांनाही स्पीड पोस्टने नोटीस पाठवा. वकिलाची सक्ती नाही.

त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोग. कंपनी बंगळुरूची असो की दिल्लीची, तक्रार तुम्ही राहता किंवा काम करता त्या जिल्ह्यात करता येते. वॉरंटी कार्डावर ‘फक्त अमुक शहराच्या न्यायकक्षेत’ असं छापलेलं असलं तरी त्याला घाबरू नका. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही. मुदत तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षं. अर्ज ग्राहक आयोगांच्या ई-जागृती या ऑनलाइन पोर्टलवर भरता येतो. दोष तपासल्याशिवाय ठरत नसेल तर आयोग वस्तू प्रयोगशाळेत पाठवू शकतो, अहवालाला ४५ दिवस. कायद्यात निकालासाठी तीन महिने, तपासणी असेल तर पाच महिने लिहिलेत. प्रत्यक्षात त्याहून जास्त धरून चाला. मागणीत दुरुस्ती, बदली आणि रक्कम परत असे तिन्ही पर्याय लिहा, एकावर अडून राहू नका.

डिलिव्हरीचं काम करणाऱ्यांसाठी एक फरक. ‘व्यावसायिक वापर’ म्हणून कंपनी वॉरंटी नाकारू शकते, कारण ती कार्डावरची अट आहे. पण स्वतःच्या पोटापाण्यासाठी स्वतः सायकल वापरणारा माणूस कायद्याने ग्राहकच राहतो, त्यामुळे सदोष वस्तू विकल्याबद्दल आयोगात जाण्याचा त्याचा मार्ग बंद होत नाही.

बॅटरी बदलून आलीच तर आनंदाच्या भरात तशीच घेऊन येऊ नका. दुकानातच मीटर लावा, नवा क्रमांक बिलावर किंवा जॉबकार्डवर चढवून घ्या, आणि ती नवी आहे की दुरुस्त केलेली हे लिहून मागा. बदललेल्या भागाला नव्याने वॉरंटी मिळते की जुनीच उरलेली लागू होते, हे बहुतेक कार्डांवर बारीक अक्षरात असतं. दुरुस्तीत गेलेले दिवस मुदतीत वाढवून देत असतील तर वॉरंटीची नवी शेवटची तारीखही तिथेच, शिक्क्यासह.