तेरीज जुळेपर्यंत

रविवार, रात्री

आज भाचीने विचारलं, "आत्या, माझ्या वहीत बँक डेबिट आहे आणि बँकेच्या स्टेटमेंटवर तेच पैसे क्रेडिट दिसतात. चुकलं कुणाचं?"

कुणाचंच नाही. बँकेत ठेवलेली रक्कम माझ्यासाठी येणं, बँकेसाठी देणं. व्यवहार एकच, वह्या दोन. तिला हे दोन मिनिटांत पटलं. मला पटायला अख्खं वर्ष लागलं होतं, आणि ते वर्ष आज डोक्यातून जात नाहीये.

आम्हाला सकाळी अर्थशास्त्र असे आणि दुपारी हिशेब. सकाळी फळ्यावर मागणीची रेषा खाली उतरायची, पुरवठ्याची वर चढायची आणि दोघी जिथे भेटतील तिथे किंमत ठरायची. दुपारी रोजकीर्द म्हणजे रोजच्या व्यवहारांची वही, खतावणी म्हणजे त्या नोंदी एकेका खात्यावर उतरवणं, तेरीज म्हणजे सगळ्या खात्यांच्या नावे (डेबिट) आणि जमा (क्रेडिट) बाकींची यादी, जिच्या दोन्ही बाजूंची बेरीज सारखी यायला हवी, आणि शेवटी ताळेबंद. सकाळच्या वर्गात दुपारचा उल्लेख नाही, दुपारच्या वर्गात सकाळचा नाही. मीही दोन्हींच्या वह्या वेगळ्या ठेवल्या. ते दोन विषय एकमेकांच्या ओळखीचे आहेत, असं कुणी सांगितलंच नाही.

बेरजा तोंडी करायच्या. रकाना आधी वरून खाली मोजायचा, मग खालून वर. दोन्ही वेळा आकडा एकच आला तर पेन्सिलने बारीक लिहायचा, शाई शेवटी. एकदा माझ्या तेरजेत 270 चा फरक आला. तासभर सगळ्या बेरजा पुन्हा केल्या, त्या बरोबर होत्या. सर बाकाशी येऊन उभे राहिले आणि एवढंच म्हणाले, "नऊने भाग जातो का बघ." गेला, 30 वेळा. मग म्हणाले, "आता उलटे पडलेले आकडे शोध." रोजकीर्दीत 4,852 होते आणि खतावणी करताना मी 4,582 उतरवले होते. शेजारचे दोन अंक अदलाबदल झाले की फरक नेहमी नऊच्या पटीतच येतो. घरी जाऊन मी कितीतरी जोड्या करून पाहिल्या, एकही चुकली नाही. दुसरी युक्तीही त्यांचीच: फरक निम्मा करायचा आणि ती रक्कम खात्यांत शोधायची, कारण एखादी रक्कम चुकीच्या बाजूला मांडली गेली तर फरक तिच्या दुप्पट येतो.

पण तेरीज जुळली म्हणून हिशेब बरोबर ठरत नाही, हेही त्यांनी त्याच आठवड्यात दाखवलं. एखादा व्यवहार लिहायचाच राहिला, किंवा एकाच्या नावे टाकायचं ते दुसऱ्याच्या नावे टाकलं, तरी दोन्ही बाजू अगदी छान जुळतात. मला हे तेव्हा फार लागलं होतं. एवढी मेहनत करून जुळवलेलं पान आतून चुकीचं असू शकतं!

शेवटच्या वर्षी सकाळच्या तासाला व्यवहारतोल सुरू झाला. देशाचे बाहेरच्या जगाशी झालेले सगळे व्यवहार दोन बाजूंना मांडायचे आणि एकूण बेरीज शून्य यायला हवी. ती येत नाही म्हणून खाली एक ओळ असते, चुका आणि राहून गेलेल्या बाबींची. ती ओळ बघताच मी दुपारची वही उघडली. तेरीज जुळली नाही की उरलेला फरक आम्ही सस्पेन्स खात्यात टाकत असू. देशही तेच करत होता! राष्ट्रीय उत्पन्नाचंही तसंच. उत्पादनाच्या बाजूने मोजा, मिळकतीच्या बाजूने मोजा की खर्चाच्या, आकडा तत्त्वतः एकच यायला हवा, कारण एकाने केलेला खर्च ही दुसऱ्याची मिळकत असते. रिचर्ड स्टोन आणि जेम्स मीड यांनी 1941 मध्ये, ऐन युद्धात, ब्रिटनचं राष्ट्रीय उत्पन्न असंच एकमेकांशी जुळणाऱ्या खात्यांत मांडलं. राष्ट्रीय हिशेबाच्या कामासाठी स्टोनना 1984 चं नोबेल मिळालं. खतावणीने शिणलेल्या प्रत्येक विद्यार्थ्याला हे पहिल्याच दिवशी सांगायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

पुढे मी हे दोन विषय वेगळे कधी झाले ते शोधत गेले. नेपल्सच्या विद्यापीठात 1754 मध्ये अंतोनियो जेनोवेसी यांच्यासाठी जे अध्यासन निघालं, त्याच्या नावातच व्यापार होता. लॅटिन सोडून ते इटालियनमधून शिकवत. अॅडम स्मिथ ग्लासगोला प्राध्यापक होते ते नीतिशास्त्राचे. मग 1902 मध्ये बर्मिंगहॅमला वाणिज्य विद्याशाखा सुरू झाली, प्रमुख विल्यम अॅश्ली, स्वतः आर्थिक इतिहासाचे अभ्यासक, आणि सोबत हिशेबशास्त्राला लॉरेन्स डिक्सी. पुढच्याच वर्षी केंब्रिजला आल्फ्रेड मार्शल यांच्या खटपटीने अर्थशास्त्राची स्वतंत्र परीक्षा मंजूर झाली. अॅश्ली आणि मार्शल, दोघंही आपापल्या जागी बरोबर होते. तरी माझ्या वेळापत्रकातली सकाळ-दुपारची भिंत मला तिथेच उभी राहताना दिसते.

भाची संगणकावर शिकते. नोंदीच्या दोन्ही बाजू सारख्या नसतील तर तिचं सॉफ्टवेअर नोंद घेतच नाही. त्यामुळे न जुळलेली तेरीज तिने अजून पाहिलेलीच नाही, नऊची युक्तीही तिला नवीनच होती.

जाता जाता मी तिला एक नोंद करायला दिली: बँकेने कर्ज मंजूर केलं आणि ती रक्कम त्याच ग्राहकाच्या खात्यात जमा केली. बँकेच्या वहीत काय होईल? तिने कर्ज नावे टाकलं, ठेव जमा केली, दोन्ही बाजू सारख्याच वाढल्या. थोडा वेळ कागदाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "आत्या, पण यात बँकेने दुसऱ्या कुणाचे पैसे उचललेच नाहीत. मग ही ठेव आली कुठून?"

उद्या संध्याकाळी बसायचं ठरलंय. येताना कोरी वही आणायला सांगितली आहे.