आपल्या हातानं मोडलेली पोळी

साताऱ्यात लहान मुलांची ऑक्युपेशनल थेरपिस्ट, म्हणजे जेवणं, कपडे घालणं अशी रोजची कामं त्यांना जमवून देणारी, म्हणून काम करताना हल्ली मी पहिल्याच भेटीत विचारते, "मुलाची पोळी कोण मोडतं?" हा प्रश्न मला एका सात वर्षांच्या मुलानं शिकवला.

त्याला सेरेब्रल पाल्सी होती. जन्माच्या सुमारास मेंदूच्या डाव्या भागाला इजा झालेली, त्यामुळे उजवा हात कोपरात वाकलेला आणि मूठ मिटलेली. आठ महिन्यांचा असताना तो खुळखुळा फक्त डाव्या हातानं घ्यायचा. घरातले म्हणाले, डावखुरा आहे. त्यात दोन वर्षं गेली. हे वाचणाऱ्या आईबापांना माझं कळकळीचं सांगणं आहे, वर्षाच्या आतलं मूल एकच हात वापरत असेल तर डॉक्टरांना दाखवा. कुठला हात चालवायचा ते इतक्या लवकर ठरत नसतं.

वाईजवळच्या गावाहून आजी त्याला एसटीनं आणायच्या. तीन महिने मी त्याच्याकडून मणी ओवून घेतले, कपड्यांचे चिमटे लावून घेतले. तो कंटाळून करायचा. एके दिवशी मात्र आल्या आल्या म्हणाला, "मला पंगतीत पोरांच्या ओळीत बसायचंय. आजीजवळ नाही." वैशाखात काकाचं लग्न होतं.

आजी म्हणाल्या, "आणि भरवणार कोण? मी कुस्करून देते म्हणून चार घास जातात पोटात. डाव्या हातानं जेवलेलं बरं दिसतं का चारचौघांत?"

मी त्यांना डबा उघडायला सांगितला. त्यात भाकरीही होती आणि पोळीही.

पोळी मोडणं आपल्याला सोपं वाटतं, कारण ते शिकल्याचं आठवत नाही. एक-दोन बोटं पोळी ताटाशी दाबून धरतात, बाकीची अंगठ्याच्या साथीनं तुकडा ओढतात. एकाच हातात धरणारा आणि तोडणारा, दोघे असतात. जिथे सुरी-काट्यानं जेवतात तिथे हीच कामं दोन हातांत वाटलेली असतात, काटा धरतो, सुरी कापते. तिथल्या मुलांनाही ते नीट जमायला सात-आठ वर्षांचं व्हावं लागतं.

सुरुवात भाकरीनं केली. ज्वारीत ग्लुटेन, म्हणजे गव्हाच्या पिठाला ताण देणारं प्रथिन, नसतं, म्हणून भाकरी ताणली जात नाही, मोडते. डाव्या हातानं तिचे तुकडे लगेच पडले. पोळीनं मात्र दाद दिली नाही. गव्हाची, त्यात सकाळची गार झालेली. ओढली की अख्खी उचलून यायची, ताट गरकन फिरायचं. त्यानं ताट ढकलून दिलं.

मी नॅपकिन ओला करून, घडी घालून ताटाखाली ठेवला. ताट हलेना. मग त्याची उजवी मूठ उचलून पोळीच्या कडेवर टेकवली. "हिनं फक्त दाबून धरायचं. तोडायचं डाव्यानं."

आजींना म्हटलं, "उजव्या हाताला जेवणात काम हवं, हे तुमचं बरोबर आहे. फक्त त्याला जमेल ते काम देऊ."

मूठ दोनदा घसरली. तिसऱ्यांदा त्याचा खांदा कानापर्यंत वर आला, जीभ बाहेर आली आणि पोळी फाटली. तुकडा तळहाताएवढा, वेडावाकडा, एका घासात मावणारच नाही असा. मी श्वास रोखून बसले होते, ते तेव्हा माझ्या लक्षात आलं.

तो तुकडा त्यानं खाल्ला नाही. बाजूला ठेवला आणि पुन्हा मूठ टेकवली. सगळी पोळी संपेपर्यंत तो नुसता तोडत राहिला. तुकडे ताटाच्या कडेनं मांडले, मोजले. अकरा झाले. मणी ओवताना त्याचं असं ध्यान मी कधी पाहिलं नव्हतं. तीन महिन्यांत एकदा तरी त्याला विचारायला हवं होतं, तुला काय करायचंय म्हणून.

आजी बराच वेळ बोलल्या नाहीत. मग पदरानं डोळे टिपत हळूच म्हणाल्या, "उजवा लागला की पोळीला."

"अजून एक," तो म्हणाला.

आजींनी डब्यातली दुसरी पोळी काढली. सवयीनं त्यांची बोटं ती मोडायला गेली, थांबली. त्यांनी पोळी अख्खीच ताटात ठेवली आणि हात मागे घेतला.