झाडाला आपलं काय पडलंय

रानात एखादी वनस्पती दाखवली की बरोबरचा माणूस हमखास विचारतो, "ह्याचा उपयोग काय?" जणू आपलीच कामं करायला ती उगवली आहे! मला उलटं विचारायला आवडतं. त्या झाडाला स्वतःला याचा उपयोग काय? हे कळलं की झाड सहसा विसरायला होत नाही.

आघाड्याच्या तुऱ्यावर वरून खाली हात फिरवा, काही वाटणार नाही. खालून वर फिरवा, बोचेल. फळांची टोकं खाली वळलेली असतात, म्हणजे अंग घासून जाणाऱ्या जनावराच्या केसांत ती बरोबर अडकतात. फुकटचा प्रवास! आपण त्याच्या काडीचं दातवण केलं, तो भाग निराळा. कुत्र्याच्या अंगाला चिकटलेली अशीच आकडेवाली फळं बघून जॉर्ज द मेस्ट्राल या स्विस अभियंत्याला १९४१ मध्ये वेल्क्रोची कल्पना सुचली.

गुंजेचा वेल पाल्यावरून चिंचेचा भाऊ वाटतो. शेंग तडकली की लाल-काळ्या बिया चिकटलेल्या दिसतात आणि मग शंका उरत नाही. आकाराने बऱ्यापैकी सारख्या, म्हणून सोनं तोलायला त्या वापरल्या गेल्या. एक गुंज म्हणजे साधारण ०.१२ ग्रॅम. पाला चवीला गोड, पण बीच्या कठीण कवचाआड जीवघेणं विष. पाला आणि बी एकाच वेलाची, तरी एकाच्या भरवशावर दुसऱ्याला तोंड लावायची सोय नाही. चाखून झाड ओळखणाऱ्यांचं म्हणूनच मला कौतुक कमी आणि काळजी जास्त वाटते.

माझी आवडती मात्र रुई. पान तोडलं की देठातून पांढरा चीक ठिबकतो. तो डोळ्यात गेला तर चांगलीच इजा करतो, तेव्हा रुईला हात लावल्यावर आधी हात धुवायचे, मग बाकीचं. कुरतडायला येणाऱ्याचं तोंड बंद करायला झाडाने केलेली ही तजवीज. फांदीची साल सोलून वाळवली तर लांब, चिवट धागे सुटतात. त्यांच्या धनुष्याच्या आणि मासेमारीच्या दोऱ्या वळत. फळ फुटल्यावर बियांना वाऱ्यावर नेणारी रेशमी म्हातारी निघते. ती माणसाने गोळा करून उशीत कोंबली.

आणि हे सगळं माणसाने शोधलं म्हणून फुशारकी मारावी, तर पान उलटून बघा. काळ्या-पिवळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची अळी तिथे निवांत चरत असते. चिकातलं विष तिला बाधत नाही. ती ते अंगात साठवते. पुढे तिचं फुलपाखरू झाल्यावरही ते उपयोगी पडतं. एकदा चोच मारलेला पक्षी सहसा पुन्हा त्याच्या वाटेला जात नाही.